डहाणू-तलासरीचे डोंगर : सह्याद्रीची झुकलेली कड

मुंबईहून वापी, सुरतकडे जाणाऱ्या महामार्गावर मनोर मागे पडले की उजव्या हाताला डोंगर सोबतीला येतात. मेंढवणच्या खिंडीजवळ अशेरीचा कातळ दिसतो, चारोटी नाक्याच्या पुढे महालक्ष्मीचा उभा सुळका आभाळात घुसलेला दिसतो आणि तलासरीपर्यंत लहानमोठ्या टेकड्यांची रांग खंडित होत, पुन्हा जुळत चालत राहते. व्यापाराच्या निमित्ताने या रस्त्याने महिन्यातून चारदा जाणारी असंख्य कुटुंबे आहेत. त्यांतील बहुतेकांना हे डोंगर खुणेपुरते ठाऊक असतात : सुळका आला म्हणजे चारोटी आले, गाडी थांबवून चहा घ्यायचा. स्वित्झर्लंडच्या सहलीत आल्प्सच्या एकेका शिखराचे नाव विचारून घेणारी हीच मंडळी घराशेजारच्या डोंगराचे नाव क्वचितच विचारतात. वास्तविक विचारावे असे येथे पुष्कळ आहे. २०१८ सालापासून तर या डोंगरांच्या पोटात काय चालले आहे, हा डहाणू-तलासरीत राहणाऱ्या व दुकाने-गोदामे बांधणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचा प्रश्न झाला आहे.

प्रथम हे डोंगर कोणत्या जातीचे, ते पाहू. आल्प्स आणि हिमालय हे वलीपर्वत आहेत. दोन भूखंडे एकमेकांवर रेटली गेली, मधल्या थरांना सतरंजीसारख्या घड्या पडल्या आणि त्या घड्याच उंच उचलल्या गेल्या. आफ्रिकेच्या रेट्याने आल्प्स उभा राहिला, भारताच्या रेट्याने हिमालय. सह्याद्रीची कथा याहून अगदी वेगळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हारस वारंवार बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाखाली आहे आणि घाटाच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. महाराष्ट्रातील घाटांची पायऱ्यापायऱ्यांची उतरण, मधूनच ताशीव कडा आणि मधूनच झाडीचा पट्टा, ही त्या थरांचीच रचना होय.

म्हणजे सह्याद्री हा रूढ अर्थाने पर्वत नव्हेच. ती दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडील कड आहे. देशावरून पश्चिमेकडे चालत येणाऱ्याला डोंगर चढल्याचे फारसे जाणवत नाही, एकाएकी पायाखालची जमीन संपते आणि खाली कोकण दिसते. लाव्हारसाच्या उद्रेकानंतर भूगर्भाच्या मापाने थोड्याच काळात आजच्या सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला आणि त्या फाटण्यातून आपला पश्चिम किनारा घडला. त्यानंतर कोट्यवधी वर्षांच्या पावसाने ही कड कुरतडत पूर्वेकडे मागे नेली. जव्हार-मोखाड्याच्या पलीकडे, त्र्यंबकच्या बाजूला आज दिसणारी घाटाची भिंत म्हणजे या माघारीचा आजचा मुक्काम. डहाणू-तलासरीचे डोंगर हे त्या माघारीत मागे राहून गेलेले अवशेष आहेत.

हेच तुकडे का टिकले, याचे उत्तर खडकांत मिळते. घाटमाथ्यावर लाव्हारसाचे थर बहुधा आडवे, पुस्तकांच्या चळतीसारखे. उत्तर कोकणच्या किनारपट्टीजवळ मात्र तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने झुकलेले आढळतात. भूवैज्ञानिक या झुकावाला 'पनवेल वाक' म्हणतात. जे. बी. ऑडेन या भूवैज्ञानिकाने १९४९ मध्ये पश्चिम भारतातील भित्तिखडकांवर निबंध लिहून या वाकाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. भित्तिखडक म्हणजे जुन्या थरांना आरपार छेदून वर घुसलेला आणि भेगेतच थिजलेला लाव्हारस. उत्तर कोकणात अशा भित्ती दाटीने आहेत आणि त्यांतील पुष्कळशा दक्षिणोत्तर धावतात. भोवतालच्या खडकापेक्षा भित्तीचा दगड कठीण असेल तर पाऊस बाजूचे सारे धुऊन नेतो आणि भित्त उभी राहते. नकाशावर येथील टेकड्यांच्या धारा दक्षिणोत्तर का दिसतात, याचे एक कारण हे.

वाक आणि भित्ती यांचा अर्थ एवढाच की या पट्ट्यातील जमीन कधीकाळी ताणली गेली, वाकली आणि जागोजाग चिरली. चिरांची आणखी एक खूण म्हणजे गरम पाण्याचे झरे. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे सर्वांच्या परिचयाची. परंतु सातिवली, कोकनेर येथेही ऊन पाणी वर येते आणि उत्तरेला गुजरातेत उनाईपर्यंत ही माळ जाते. पावसाचे पाणी चिरांतून खोल उतरते, तेथे तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. यात्रेकरूला ते तीर्थ आहे आणि भूवैज्ञानिकाला खालच्या भेगांचा पत्ता. दोघांचेही बरोबर आहे.

आता प्रदेशाकडे पाहू. समुद्राकडून पूर्वेकडे निघावे तर प्रथम डहाणू, चिंचणी, घोलवड, बोर्डी यांची सखल किनारपट्टी लागते : खाड्या, सुरूची बने आणि चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचा गोडवा वाचकांना सांगावयास नको. रेल्वे ओलांडली की जमीन उंचसखल होऊ लागते. कोसबादची टेकडी येथेच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ साली बोर्डीहून आपले बालशिक्षणाचे काम या टेकडीवर हलविले आणि पुढे अनुताईंनी आपल्या आत्मकथनाच्या नावातही तिला स्थान दिले. एका लहानशा टेकडीला मराठीत एवढा मान क्वचितच मिळाला असेल. महामार्गाच्या पूर्वेस खरा डोंगराळ पट्टा सुरू होतो. गंभीरगड, सेगवाह असे उपेक्षित किल्ले याच भागात आहेत. त्याही पलीकडे जमीन चढत चढत जव्हारच्या पठाराला मिळते.

नद्यांचे वळणही याच रचनेवर ठरले आहे. सूर्या नदी डोंगरातून उतरून डहाणूच्या पूर्वेकडून दक्षिणेला वळते आणि वैतरणेला मिळते. तिच्यावरील धामणी धरणाचे पाणी आज थेट वसई-विरारपर्यंत जाते. तलासरीकडची वरोळी नदी संजाणच्या बाजूने समुद्रास मिळते, तर दमणगंगा नाशिक जिल्ह्यात उगम पावून गुजरातमार्गे दमणला जाते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे येथील ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात. काळ्या पाषाणात पाणी मुरते ते केवळ भेगांतून व थरांच्या सांध्यांतून, त्यामुळे एका पाड्याच्या विहिरीला पाणी असते आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्या पाड्याला नसते. मे महिन्यात डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या वारली स्त्रियांच्या दुःखाचा एक धागा असा थेट भूगर्भात पोहोचतो.

या डोंगरांनी माणसांना आश्रय दिल्याच्याही कथा आहेत. बोर्डी-अस्वालीजवळ बारड नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यालगत बाहरोटची लेणी कोरलेली आहेत. संजाणचा पाडाव झाल्यावर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी, इराणशाह, या डोंगरात आणून लपविला आणि तो बारा वर्षे तेथे तेवत ठेवला, असे त्यांची परंपरा सांगते. तेथून तो वांसद्यास गेला आणि अनेक मुक्कामांनंतर १७४२ साली उदवाड्यास स्थिरावला. बारडचीच निवड का झाली असावी, हे डोंगर पाहिल्यावर उमगते. खालून येणारा माणूस वरून बराच वेळ आधी दिसतो आणि समुद्रही दृष्टीच्या टप्प्यात राहतो. पळून आलेल्यांना याहून अधिक काय हवे असते? पारशी बांधव आजही श्रद्धेने हा डोंगर चढतात.

महालक्ष्मीचा सुळका हे वारली, कोकणा आणि इतर आदिवासी समाजांचे दैवत. पायथ्याच्या विवळवेढे येथील मंदिरात चैत्र पौर्णिमेपासून यात्रा भरते आणि पंधरा दिवस डहाणू-तलासरीचा सारा बाजार तेथे लोटतो. यात्रेच्या रात्री डोंगराच्या अवघड शिखरावर चढून ध्वज लावण्याचा मान वाघाडी गावच्या पुजाऱ्याचा आहे. किनाऱ्यावरचे मच्छीमार, गुजरातेतून येणारे भाविक आणि डोंगरातील पाडे या एका जागी एकत्र येतात. कपडा, भांडी, धान्य यांच्या व्यापाऱ्यांसाठी ही यात्रा वर्षाच्या उलाढालीतील मोठे पान आहे.

डोंगर आणि व्यापार यांचा संबंध येथे जुना आहे आणि तो सगळाच अभिमानाने सांगण्यासारखा नाही. रेल्वे आल्यानंतर या टेकड्यांवरचे साग, ऐन, खैर यांचे लाकूड मुंबईकडे जाऊ लागले. त्याहून महत्त्वाचे पीक म्हणजे गवत. पावसाळ्यानंतर उतारांवर कमरेएवढे वाढणारे गवत कापून, वाळवून, त्याच्या गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांसाठी पाठविल्या जात. जमीनदार, ठेकेदार आणि सावकार त्यावर श्रीमंत झाले, तर गवत कापणारा वारली वेठबिगारीत आणि कर्जात अडकून राहिला. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्या लढ्याचे आहे. हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूस असलेली गवताची रक्कम कोणाच्या घामाची होती, हे त्या पुस्तकातून कळते. व्यापारी घरातील तरुण पिढीने तरी ते वाचावे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये या शांत वाटणाऱ्या डोंगरांखालची जमीन हलू लागली. धुंदलवाडी, हळदपाडा, धानिवरी, सासवंद, करंजविरा, झरी या डहाणू-तलासरीच्या गावांत रात्रीबेरात्री गडगडाट होई आणि पाठोपाठ भांडी वाजत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतील मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी घराबाहेर धावताना पडलेल्या एका लहान मुलीचा मृत्यू झाला. भिंतींना तडे गेले, शाळा झाडाखाली भरू लागल्या, प्रशासनाने तंबू वाटले आणि ऐन थंडीत कुटुंबेच्या कुटुंबे अंगणात निजू लागली. त्यानंतरच्या वर्षांतही धक्के येत राहिले. लहानमोठे मिळून त्यांची संख्या हजारांत जाते, कारण माणसाला जाणवतही नाहीत असे असंख्य धक्के यंत्रे नोंदवितात.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने येथे भूकंपमापक यंत्रे बसविली. नोंदींवरून दिसले ते असे : धक्के फार खोलवरचे नाहीत, एका मर्यादित पट्ट्यात एकवटलेले आहेत आणि त्यांच्यात एक मुख्य धक्का व पाठचे लहान धक्के असा नेहमीचा क्रम नाही. अशा मालिकेला शास्त्रज्ञ भूकंपांचा 'थवा' म्हणतात. उगम उथळ असल्यामुळेच लहान धक्क्यातही मोठा आवाज येतो आणि घर हादरते. कारणाबद्दल अभ्यासकांमध्ये चर्चा आहे. जुन्या चिरा पुन्हा सरकत आहेत, येथवर मतैक्य दिसते. त्या सरकण्यास भेगांत उतरणारे पाणी मदत करते, पावसाळ्यात वर साचणाऱ्या व आत मुरणाऱ्या पाण्याने दाब बदलतो, असे काही अभ्यासांनी सुचविले आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ताणली गेलेली, वाकलेली आणि भित्तींनी शिवलेली ही जमीन आहे, हे ध्यानात घेतले तर त्या मतांचा रोख समजतो.

अशा वेळी भीती आणि बेफिकिरी या दोन्ही गोष्टी सारख्याच वेगाने पसरतात. 'आता ज्वालामुखी फुटणार' ही अफवा त्या काळात पाड्यापाड्यांवर फिरली. तिला कसलाही आधार नव्हता, येथील लाव्हारस कोट्यवधी वर्षांपूर्वीच थिजला. 'लहान धक्के बसून जोर निघून जातो, मोठा भूकंप होत नाही' हा दुसरा समज अधिक फसवा, कारण तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. भूकंपाची तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. सहाच्या वर तीव्रता असलेल्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडण्यास चार तीव्रतेचे हजाराहून अधिक धक्के लागतील. लहान धक्क्यांनी हिशेब चुकता होत नाही. तसेच थवा आला म्हणून मोठा भूकंप येणारच, असेही शास्त्र सांगत नाही. जगात अनेक ठिकाणी असे थवे येऊन विरून गेले आहेत. भूकंपाची तारीख कोणी सांगू शकत नाही. भारतीय मानकांच्या नकाशात हा प्रदेश 'झोन तीन' म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात धरला गेला आहे आणि बांधकामासाठी तेवढे जाणून घेणे पुरेसे आहे.

माणसे भूकंपाने मरत नाहीत, घराने मरतात, हे महाराष्ट्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत शिकला. तेथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती होत्या आणि वर मातीचे जड माळवद. ते झोपेतल्या माणसांवर कोसळले. याउलट वारल्याचे जुने घर पाहावे. लाकडी खांबांचा सांगाडा, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लिंपा आणि वर गवताचे किंवा कौलांचे हलके छप्पर. जमीन हलली तर असे घर करकरते, लिंपा गळतो, मात्र कूड सहसा माणसावर पडून जीव घेत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ज्या कलेला जगभर नेले, ती वारली चित्रकला याच कुडाच्या भिंतींवर जन्मली. डोंगरातील कारवी, डोंगरातील गवत आणि डोंगराचीच माती यांतून उभे राहिलेले हे घर डोंगराच्या स्वभावाला धरून होते.

गेल्या काही दशकांत कुडाची जागा विटांनी घेतली आणि ते स्वाभाविकच होते. पक्के घर कोणाला नको? अडचण अशी की त्यांतील पुष्कळशी घरे पक्की दिसतात, असत नाहीत. एकेरी विटेची उंच भिंत, कोपऱ्यात सांधा नाही, वर सिमेंटचे पत्रे, त्यांवर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड. धुंदलवाडी परिसरात तडे गेले ते मुख्यतः अशाच भिंतींना. महामार्गालगतची दुकाने व गोदामे यांचीही अवस्था याहून वेगळी नाही. लांबच लांब भिंत, आडवा आधार नाही, समोर शटरसाठी पूर्ण उघडी बाजू आणि आत छतापर्यंत रचलेली पोती व खोकी. अशा गोदामात धक्का बसला तर आधी माल कोसळतो, नंतर भिंत. आत काम करणारा हमाल बहुधा जवळच्याच पाड्यावरचा असतो.

डहाणूच्या निसर्गाचा विचार कायद्याने पूर्वीच केला आहे. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, तालुक्याभोवतीचा २५ किलोमीटरचा पट्टाही बंधनांखाली आला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्या बंधनांमुळे उद्योग आले नाहीत, अशी तक्रार व्यापारी वर्तुळात नेहमी होते. वाड्या, खाड्या आणि डोंगर उरले तेही त्यामुळेच, हे मात्र कमी बोलले जाते. आता बुलेट ट्रेनसाठी पालघर जिल्ह्यातील डोंगरांतून बोगदे जात आहेत आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या वाढवण बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव योजिला आहे. भराव म्हटला की दगड आणि मुरूम आला, आणि खाणीच्या सुरुंगाला डोंगर सर्वांत जवळचा. कोणता डोंगर किती कापावा, हा निर्णय वर होईल. त्या निर्णयात सूर्येचे पाणी, पाड्यांच्या विहिरी आणि जमिनीखालच्या चिरा यांचा हिशेब धरला जावा, ही मागणी ग्रामसभांइतकीच व्यापारी संघटनांनीही लेखी करण्यास हरकत नसावी.

घराबाबत मात्र कोणाच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. विटांच्या बांधकामात जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताच्या पातळीवर सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा चारी भिंतींवरून फिरवावा. कोपऱ्यांत उभी सळई पायापासून छतापर्यंत न्यावी. दार किंवा खिडकी कोपऱ्याला चिकटून ठेवू नये. पेटीला दोरी बांधावी तसे हे पट्टे चारी भिंतींना एकत्र धरतात. भारतीय मानक ४३२६ मध्ये हे सारे तपशिलाने दिले आहे आणि जुन्या इमारती बळकट करण्यासाठी मानक १३९३५ आहे. कोणत्याही अभियंत्याकडून त्याप्रमाणे नकाशा तपासून घेता येतो. पत्र्यांवर दगड ठेवण्याऐवजी आकडे व बोल्ट वापरावेत. गोदामातील उंच मांडण्या भिंतीला किंवा जमिनीला जखडाव्यात, जड माल खालच्या खणात ठेवावा आणि बाहेर पडण्याची वाट मालाने अडवू नये. हे पट्टे बांधकाम चालू असताना घातले तर एकूण खर्चात थोडीच भर पडते. भिंत उभी राहिल्यावर तेच काम करावयाचे म्हटले तर गिलावा फोडून, जाळी ठोकून, पुन्हा सिमेंट चढवावे लागते आणि तितके दिवस दुकान बंद ठेवावे लागते.